भिंतीवरचा रस्ता

हे लिहायला बसावं की नाही, या विचारात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्या शिक्षणाचा उपयोग मी आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं शिकवण्यात केला. स्वतःबद्दल लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांच्यापैकी आता कुणी उरलेलं नाही, आणि असते तरी त्यांनी लिहिलं नसतं. ती माणसं बोलायचीसुद्धा मोजकंच. तेव्हा हा आगाऊपणा मी करतो आहे तो नाइलाजानं. भाषा साधी आहे, कुठं अडखळेल. वाचणाऱ्यांनी ते पोटात घालावं.

आमचं घर सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर, नळदुर्गाच्या अलीकडे होतं. गाव मागे राहायचं, आम्ही रस्त्यालाच चिकटलेले. कुण्या बादशहाच्या काळातली एक दगडी सराई तिथं होती, तिचा बराचसा भाग पडून गेलेला. जे उभं होतं त्याला पत्रे, कुडाच्या भिंती जोडून आमच्या आजोबांनी राहण्यासारखं केलं होतं. घरापासून थोडी दूर, अगदी रस्त्याच्या कडेला, घुमटाची एक खोली मात्र पहिल्यासारखी धड होती. तिला खिडकी नव्हती. दार बाजूच्या भिंतीत, बुटकं, वाकून आत जावं लागायचं. आणि रस्त्याकडच्या भिंतीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हरभऱ्याचा दाणा जाईल एवढं एक भोक होतं. ते कुणी मुद्दाम पाडलं होतं की दगडाचा टवका उडून पडलं होतं, ते अप्पांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, माहीत नव्हतं. त्या भोकावर आमचं घर चालायचं.

दार लावून घेतलं की आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार व्हायचा. मग अप्पा भोकातली लाकडी खुंटी काढायचे, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हळूहळू रस्ता उमटायचा. सगळा रस्ता, रंगांसकट, पण उलटा. आभाळ खाली, जमीन वर. बैलगाडी यायची ती चाकं वर करून. लमाण बाया डोक्यावरच्या गाठोड्यांवर चालल्यासारख्या दिसायच्या. लिंबाचं झाड वरून लोंबायचं आणि वाऱ्यानं त्याचा पाला हलायचा तोसुद्धा दिसायचा. आमच्या पलीकडे निजाम सरकारचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. मालाची झडती होईपर्यंत गाड्या, लॉऱ्या, मोटारी तिथं तासन्‌तास अडकून पडायच्या. कंटाळलेली माणसं पाय मोकळे करत आमच्याकडे यायची. मुलुखात या जागेला ‘उलटी खोली’ म्हणायचे. अप्पा खेळ दाखवायचे आणि अव्वा, म्हणजे माझी आई, बाहेर चुलीवर चहा ठेवायची. सकाळी तिची भाकरी थापण्याची थपथप, बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांचा खडखडाट आणि चढाला लागलेल्या लॉरीचं कण्हणं, हे तीन आवाज एकत्र आले की माझ्यासाठी दिवस उजाडायचा. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि पातळ ताक. नाक्यावर अडकलेल्या उपाशी गाडीवानाला अव्वा तेच वाढायची. आम्ही लिंगायत, घरात कन्नड बोलायचो, गिऱ्हाइकांशी मराठी आणि अंमलदार आला तर अप्पा मोडकीतोडकी उर्दू फेकायचे.

खेळाचा खरा गाभा मात्र उलटेपणात नव्हता. तो लोकांनी ऐकलेला असायचा, त्यामुळं ते थोडे हसायचे आणि गप्प व्हायचे. मग एखादी गाडी भिंतीवरून सरकू लागली की अप्पा विचारायचे, “सांगा मालक, ही गाडी कुठं चालली?” माणूस दिशेचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, उमरग्याकडं, म्हणजे हैदराबादच्या बाजूला. अप्पा विचारायचे, नक्की का? दुसरा म्हणायचा, अहो डोळ्यांना दिसतंय की, उमरग्याकडंच. मग अप्पा धाडकन दार उघडायचे. सगळे डोळे चोळत बाहेर यायचे, तर ती गाडी पाठमोरी सोलापूरच्या दिशेनं चाललेली. भोकातून आलेला उजेड वरचं खाली करतो तसं पूर्वेचं पश्चिमेला टाकतो. आत उभं राहिलं की हे ध्यानात येत नाही. घुमटात आवाज असा घुमायचा की कानांनाही काही कळत नसे. शहाण्यासुरत्या वकिलांपासून मुन्सफापर्यंत सगळे फसायचे, आणि फसण्यात त्यांना मोठी मौज वाटायची. जाताना अप्पा त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचे, की उलटं दिसतं हे खुशाल सांगा, पण दिशेचं गुपित पुढं कुणाला सांगू नका, त्यांचीही गंमत राहू द्या. लोक ते पाळायचे. आता नवल वाटतं, पण पाळायचे.

आम्हा घरच्यांना मात्र या फसण्याची इतकी सवय होती की आम्ही कधी फसतच नसू. भिंतीवर गाडी उमरग्याकडं निघाली की अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाहेर न बघता सांगायची, सोलापूरला गाडी चालली. मी बोललो एक आणि केलं भलतंच, तर अव्वा म्हणायची, तुझं सगळं भिंतीवरचं. पुढं हैदराबादला कॉलेजात गेलो तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मेणबत्तीची उलटी ज्योत दाखवली. सगळा वर्ग पुढं वाकला आणि मी एकटा हसलो. सुट्टीत घरी येऊन मी मोठ्या उत्साहानं अप्पांना त्यामागचं कारण समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कारण तुझ्याजवळ ठेव, तम्मा. कारण कळल्यावर कोण बघायला येतंय?”

अक्काचं लग्न सास्तूरच्या घरात ठरलं. सोयरे कापडाचे व्यापारी, नाव मोठं. मुलगी त्यांच्या मनात भरली होती, पण मुलीच्या बापाचा धंदा नव्हता भरला. बैठकीत नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, की तुमची जमीन आहे, कूळ चांगलं आहे, पण रस्त्यावर बसून खेळ दाखवणं हे अस्वलवाल्याचं काम झालं. लग्नात त्याचा विषय निघू नये. आमच्या माणसांना तिकडं नेऊ नका, आणि जावयाला तर कधीच नाही. लोक म्हणतील, सासऱ्यानं जावयाला गिऱ्हाईक केलं. अप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. पण मुलीचा बाप काय बोलणार? त्यांनी होकार दिला. लग्नाचे दिवस खोलीला कुलूप होतं. वऱ्हाडातल्या पोरांनी दाराशी घुटमळून विचारलं तर अप्पांनी आत कडबा भरलाय म्हणून सांगितलं. पुढं दाजी सणासुदीला आले की आल्याबरोबर अप्पा स्वतःहून कुलूप घालायचे. पहिल्यांदा त्यात अपमान होता, मग त्याची रीत झाली, आणि शेवटी तर अप्पा तो शब्द अभिमानानं पाळू लागले. दाजी स्वभावानं मोकळे होते. एकदा जेवताना हसत म्हणाले, “मामा, सगळा मुलूख तुमची खोली बघून गेला, आमीच तेवढं राहिलो.” अप्पा म्हणाले, “तुमची जागा आतल्या पाटावर हाय, पाव्हणं. तिकडं रस्त्यावरची माणसं जातात.” अव्वानं त्यांच्या ताटात शेंगांची पोळी वाढली आणि तो विषय तिथंच राहिला.

मग वाईट दिवस आले. ते कसे आले हे इतिहास लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे, मी त्यात शिरत नाही. रस्ता ओस पडला. संध्याकाळ व्हायच्या आत गावं दारं लावून घेऊ लागली. माझं कॉलेज बंद पडलं आणि मी घरी आलो, तर अप्पांनी मला रस्त्याकडं फिरकायचीही बंदी केली, कारण शिकलेली तरणी पोरं दिसली की निजामाची हत्यारी माणसं उचलून नेत. अक्का माहेरी आली होती. दाजींनी कापडाचं दुकान सोडून दिलं होतं आणि ते हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात गेले होते. त्यांच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. अक्काला होतं की नव्हतं, ते तिनं कधी सांगितलं नाही. ती फक्त रस्त्याकडं तोंड करून धान्य निवडायला बसायची.

पावसानं उघडीप दिलेली, आभाळ लख्ख, अशा एका सकाळी दाजी मागच्या रानातून आले. पायात बाभळीचा काटा खोल मोडला होता, घोटा सुजलेला. काळ्या रानात गुडघाभर चिखल होता आणि त्या पायानं चिखल तुडवणं त्यांना होत नव्हतं. सोलापूरच्या बाजूची हद्द तशी जवळ, पण तिथवर पोचायचं तर रस्त्यानंच जावं लागणार होतं. अव्वानं काटा काढून बिब्ब्याचा चटका दिला. एवढ्यात नळदुर्गाकडून लॉरी येत असल्याचं ऐकू आलं. अप्पांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. घरात लपवण्यासारखी जागा नव्हती. ते दाजींचा हात धरून त्यांना खोलीत घेऊन गेले. अक्का मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन गेली. आत कोंदट वाटेल म्हणून भोकातली खुंटी तिनंच काढली. त्यांना म्हणाली, “वारा येईल. अन् रस्ताबी दिसंल तुमाला. मोकळा झाल्यावरच निघा.” मग दार ओढून घेऊन ती परतली. हे सगळं इतक्या घाईत झालं की मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी.

लॉरी थांबली. हत्यारी माणसं होती. अव्वा, अक्का आणि मी आत कणगीमागं बसून होतो, बाहेरचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. त्यांनी कुणी आलं होतं का विचारलं, अप्पांनी नाही म्हटलं. खोलीत काय आहे विचारलं, तर त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, तिथं काही नाही, खेळ आहे, मी पाहिलाय. ते हसले. चहा प्यायले. गाडीचं इंजिन तापलं होतं, त्यांना पाणी हवं होतं. आमच्या रांजणात फारसं नव्हतं म्हणून अप्पांनी सोलापूरच्या बाजूला वळणावरचा ओढा दाखवला. लॉरी त्या बाजूला निघून गेली.

अप्पा आत आले आणि घाम पुसत म्हणाले, ओढ्यावर थांबतील घटकाभर, ते गेले की पाव्हण्यांना काढू. अक्कानं भाकरी फडक्यात बांधली आणि माझ्या हाती दिली. मी गेलो तर खोलीचं दार उघडं होतं. तांब्या रिकामा, आत कुणी नाही. आम्हाला वाटलं, मागं ज्वारीत शिरले असतील. मी बांधापर्यंत जाऊन दबक्या आवाजात हाका मारल्या. परत आलो तेव्हा अप्पा खोलीत उभे होते. मी आत शिरल्यावर का कोण जाणे त्यांनी दार लावून घेतलं. भिंतीवर रस्ता उमटला. बऱ्याच वेळानं एक एकटी बैलगाडी आली, चाकं वर, उमरग्याकडं सरकत गेली. अप्पा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग खाली बसले.

“त्यांना खेळ दाखवला न्हवता,” ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला नाही. दाजींनी आपल्या डोळ्यांनी लॉरी उमरग्याकडं जाताना पाहिली होती. म्हणजे हद्दीकडचा रस्ता मोकळा. ते बाहेर पडले आणि लंगडत नेमके त्या वळणाकडं गेले.

अप्पा अनवाणी धावत गेले. ओढ्यावर ओला चिखल आणि टायरच्या खुणा तेवढ्या होत्या. पलीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगरानं सांगितलं, एका माणसाला गाडीत घातलं आणि गाडी आडवाटेनं गेली. जिवंत होता का, असं अप्पांनी विचारलं. धनगर म्हणाला, व्हय, बोलत होता. यापुढं आमच्या हाती काही लागलं नाही. अप्पांनी त्याच दिवशी ते भोक चुन्यानं बुजवून टाकलं. नंतर भारताच्या फौजा याच रस्त्यानं आल्या, लोकांनी हार घातले, नाका उठला, रस्ता पुन्हा वाहता झाला. उलटी खोली कुठं आहे म्हणून माणसं विचारत यायची. अप्पा सांगायचे, पडली.

तुरुंग रिकामे झाले, सुटलेली माणसं गावोगाव परतली, दाजी आले नाहीत. आम्ही विचारायचं तिथं विचारलं. कुणी म्हणे गुलबर्ग्याला नेलं होतं, कुणी म्हणे औरंगाबादला. वर्ष उलटून गेल्यावर अप्पा आणि मी सास्तूरला गेलो. अप्पांना तिकडं जायचा धीर होत नव्हता, मी आग्रह केला. दाजींच्या वडिलांनी आम्हाला दुकानाच्या ओट्यावर बसवलं. अप्पांनी घडलं ते सगळं सांगितलं. खोलीचं, भिंतीचं, दिशेचं, काहीही न लपवता. ते ऐकून घेत राहिले. मध्ये एका गिऱ्हाइकाला त्यांनी धोतराचं पान फाडून दिलं. शेवटी म्हणाले, की आम्हालाही काही कळलेलं नाही. माणूस कुठंतरी असेल, येईल. निघताना त्यांनी हिरवं खणाचं कापड आणि बांगड्या आणवल्या, आणि सुनेला द्या म्हणून माझ्या हातात ठेवल्या. परतीच्या वाटेवर अप्पा पहिल्यांदा मोकळेपणी रडले. म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस आहे, एक शब्दही लागेल असा बोलला नाही.

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं. त्याला उडकी म्हणतात, आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. अक्का तेव्हा ऐन विशीत होती. दोन-तीन ठिकाणांहून विचारणाही झाली, एक तर चांगला शेतकरी होता, बायको बाळंतपणात गेलेला. पण नवरा जिवंत असलेल्या बाईची उडकी कशी होणार? तो गेला असं सांगणारं कुणी नव्हतं, आणि येईल असं सांगणारे सास्तूरला बसलेले होते. दरवर्षी नागपंचमीला तिकडून बांगड्या यायच्या. अक्का त्या भरायची. अप्पा गेले, मागोमाग अव्वा गेली. मी उमरग्याला मास्तर झालो आणि अक्का माझ्या घरी आली. माझी मुलं तिनंच वाढवली. माझ्या बायकोला ती शेंगांची पोळी शिकवायची तेव्हा म्हणायची, हे आल्यावर दोन जास्त लागतील. पहिली काही वर्षं आम्ही त्यावर काही बोलायचो. नंतर नुसतं ऐकायचो. मला आज प्रामाणिकपणे वाटतं, की तिलाही ते खरं वाटत नसावं. पण बोलायचं सोडलं तर आपणच त्यांना मारल्यासारखं होईल, असं तिला वाटत असावं. तिनं असं कधी म्हटलं नाही. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल.

माझे केस पांढरे व्हायला लागले होते तेव्हाची गोष्ट. उमरग्यातच एका ओळखीच्या घरी लग्न होतं. अक्काला मुलीच्या आईनं मुद्दाम बोलावलं होतं, कारण ओटी भरायला पाच सवाष्णी हव्या होत्या. ती आत बायकांत होती, मी मांडवात पंगतीला बसलो. माझ्या शेजारी भूमकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, वराकडचे कुणीतरी. गव्हाची हुग्गी वाढेपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. तुरुंगात असताना असलं गोड स्वप्नात दिसायचं, असं ते म्हणाले. मग त्यांनी माझं मूळ गाव विचारलं. मी म्हटलं, नळदुर्गाजवळ उलटी खोली होती, तिथले आम्ही.

त्यांचा हात पत्रावळीवर थांबला. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि दाजींचं नाव घेऊन विचारलं, त्यांचे तुम्ही कोण? मी म्हटलं, मेहुणा. बोलावं की नाही, असं त्यांचं चाललेलं दिसलं. मग त्यांनी सांगितलं, की तुरुंगात ते आणि दाजी एका बराकीत होते. पायाची जखम चिघळली, ताप चढला. फौजा यायच्या थोडे दिवस आधी दाजी गेले.

“लई चांगला माणूस,” ते म्हणाले. “पण एक गोष्ट मनात धरून गेला बगा. म्हणायचा, माझ्या सासऱ्यानं मला धरून दिलं. म्या माझ्या डोळ्यानं लॉरी उमरग्याकडं गेलेली बघितली. मी बाहेर पडल्यावर ती म्होरं ओढ्यावर उभी. मग ती मागनं फिरवून कुणी आणली?”

मी त्यांना सगळं सांगितलं. हुग्गी निवत होती. भोकातून उजेड कसा येतो ते मी बोटांनी पत्रावळीवर रेघा ओढून दाखवलं, वर्गात मुलांना दाखवावं तसं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांचे डोळे भरले. म्हणाले, हे त्याला कळायला पाहिजे होतं. मी विचारलं, तुम्ही आम्हाला हे तेव्हाच का नाही कळवलं?

“कळवलं न्हाय कसं, मास्तर? सुटलो तसा घरी जायच्या आधी सास्तूरला गेलो मी. त्याच्या बापाला सगळं सांगितलं, तो काय म्हणायचा तेबी. बापानं ऐकून घेतलं. मी म्हणलं, पोरीला कळवाय पायजे, मी जातो. तर म्हणले, तुमी जाऊ नका. सून आमची हाय, तिला काय सांगायचं ते आमी बगू.”